सेक्रेटरीसाहेबांची पदवी

आमचे हे, म्हणजे आत्माराम साटम, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी विद्यार्थी झाले. आमच्या घरात कोणी विद्यार्थी असला की त्याला सकाळी भिजवलेले बदाम, टीव्ही बंद आणि पाहुण्यांना मनाई अशी पद्धत आहे. लेकीच्या, अक्षदाच्या, दहावीला ती मीच घालून दिली. ह्यांनी प्रवेश घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी बदाम मागितले. तोपर्यंत एक पुस्तकही उघडलेलं नव्हतं.

कारण मात्र गंभीर होतं. वसई पूर्वेला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कंपनीत हे डिस्पॅच सांभाळतात. मॅनेजर सोडून गेल्यापासून मॅनेजरचं कामही हेच करतात, फक्त खुर्ची, केबिन आणि पगार तेवढा मॅनेजरचा नाही. आता कंपनीला नवे मालक आले आणि त्यांनी फतवा काढला की दिवाळीनंतर मॅनेजर नेमू, पण तो पदवीधर हवा. ह्यांचं बी. कॉम. दोन वर्षांवर अडकलेलं. तिसऱ्या वर्षी आधी कॉस्टिंगने दगा दिला, मग सासऱ्यांच्या आजारपणाने, आणि मग नोकरी लागली. पदवी नाही झाली, तर ज्या पोराला ह्यांनी चलन लिहायला शिकवलं तोच उद्या ह्यांची रजा मंजूर करणार होता. ह्यांना त्या कल्पनेने जेवण जात नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही डोकं त्याने फिरलं होतं.

मार्ग अक्षदाने शोधला. एक ऑनलाइन विद्यापीठ होतं, तिथे जुन्या वर्षांचे गुण क्रेडिट म्हणून धरतात, नोकरीचा अनुभवही धरतात आणि राहिलेले विषय घरबसल्या देता येतात. "पप्पा, तुम्ही ऑलमोस्ट ग्रॅज्युएटच आहात, फक्त तुम्हाला कोणी कळवलं नव्हतं," असं ती म्हणाली. ह्यांनी कपाटाच्या तळातून मार्कशीटा काढल्या. टायपरायटरवर व्यापारी पत्र कसं लिहावं, या विषयात मिळवलेले बेचाळीस गुण आजच्या जगातही उपयोगी आहेत, असा निर्वाळा विद्यापीठाने आठ दिवसांत दिला. नोकरीचा अनुभवही पास झाला, दोन पेपर तेवढे लिहायचे राहिले. अडलं ते एकाच विषयात, 'नेतृत्व आणि सार्वजनिक व्यवस्थापन'.

ह्यांनी कळवलं की मी रोज टेम्पो सोडतो. विद्यापीठाने नम्रपणे उलट कळवलं की टेम्पोंचं नेतृत्व धरता येत नाही, माणसं हवीत.

"पप्पा, सोसायटी!" अक्षदा ओरडली.

आता सोसायटीबद्दल माझ्या तोंडून चांगलं निघणार नाही, तरी सांगते. विरारला चंदनसारला आमची 'नवचैतन्य' सोसायटी आहे आणि गेली चौदा वर्षं हे तिचे सेक्रेटरी आहेत. चेअरमन जयवंतनाना आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही. समोरचा काहीही बोलला तरी ते मान हलवतात, म्हणून तर ते बिनविरोध निवडून येतात. कारभार सगळा ह्यांचा. टँकर उशिरा आला की फोन ह्यांना, गच्ची गळली की फोन ह्यांना, कोणाच्या कुत्र्याने कोणाच्या पायपुसण्यावर काही केलं की फोन ह्यांना. मागच्या मे महिन्यात माझ्या भाचीच्या लग्नाला देवगडला निघालो, तर अर्ध्या वाटेतून गाडी परत फिरवली, कारण पंपाची मोटर जळली होती. लग्न मी व्हिडिओवर पाहिलं. मोटर प्रत्यक्ष पाहिली.

विद्यापीठाला सोसायटी मान्य झाली. एवढंच म्हणाले की उमेदवार सभा चालवतो आहे, सभेत वादाचा विषय येतो आहे आणि तो शांतपणे, सर्वांच्या संमतीने सुटतो आहे, असा व्हिडिओ पाठवा. कुठेही कापलेला, जोडलेला नको. त्यानंतर तोंडी परीक्षा होईल.

हे वाचून अक्षदा हसून हसून सोफ्यावरून खाली आली. आमची सभा म्हणजे पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या. वेळेवर कोणी येत नाही, म्हणून गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, त्याच चार माणसांत कायदेशीरपणे पुन्हा भरते. वड्यांचा वास वर गेला की बाकीचे उतरतात. हे 'मागील सभेचे इतिवृत्त' एवढं म्हणतात आणि तळमजल्यावरच्या मंदाकाकू उठतात. काकू मूळच्या चांदीप गावच्या, अख्खी हयात शेतावर हाका मारण्यात गेलेली. "इतिवृत्त राहू दे रे बाबा, पानी कधी येनार ते सांग आधी!" तिथून पुढे नेतृत्व काकूंचं. असा व्हिडिओ पाठवला असता तर पदवी काकूंना मिळाली असती.

म्हणून ह्यांनी ठरवलं की सभा आधी बसवायची, गॅदरिंगचं नाटक बसवतात तशी. घरोघर फिरून सगळ्यांना पढवलं. कोणी मधे बोलायचं नाही. बोलणाऱ्याने हात वर करून उभं राहायचं. आणि मी "मंजूर?" असं विचारलं की सगळ्यांनी एका सुरात "मंजूर" म्हणून टाळ्या वाजवायच्या. वादाचा विषयही ठरवून दिला, पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या. माणशी दोन वडे आणि एक पेढा कबूल झाला. काकूंनी तीन वडे मागून घेतले.

इथवर ठीक होतं. पण हे पडले हाडाचे सेक्रेटरी. नाटकाची सभा असली तरी नोटिशीशिवाय सभा घ्यायची म्हणजे ह्यांच्या अंगावर काटा. चौदा दिवस आधी नोटीस लागली, शिक्क्यानिशी, फळ्यावर. विषयपत्रिकेच्या शेवटी सवयीने लिहिलं, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. जगात अशी एक नोटीस नाही जिच्या शेवटी हे वाक्य नसतं आणि असा एक माणूस नाही जो ते वाचतो. आमच्याकडे एकाने वाचलं. तिसऱ्या मजल्यावरच्या परेश म्हात्रेने.

रविवारी सभा भरली. अक्षदाने मोबाइल स्टँडवर लावला. कधी नव्हे ती माणसं वेळेवर आली, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून. इतिवृत्त वाचून झालं, "मंजूर", टाळ्या. हिशेब, "मंजूर", टाळ्या. गाड्यांच्या विषयावर दोघांनी पाठ केलेला वाद घातला, ह्यांनी पाठ केलेला तोडगा दिला, टाळ्या. काकू तोंडावर पदर दाबून बसल्या होत्या. मला वाटलं, हे गृहस्थ आज पदवी घेऊनच वर येतात.

आणि परेशने हात वर केला. शिकवल्याप्रमाणे उभा राहिला. "ऐनवेळच्या विषयात बोलायचंय. अध्यक्षसाहेब, परमिशन?"

जयवंतनानांनी मान हलवली.

"साटमसाहेबांनी सोसायटीसाठी खूप केलंय, नो डाउट. पण आता ते डिग्री करतायत, स्टडीला टाइम पाहिजे. त्यांना असं कामाला जुंपून ठेवणं बरोबर वाटत नाही. सो मी ठराव मांडतो की साहेबांना सन्मानाने मोकळं करावं आणि सेक्रेटरीचं काम माझ्याकडे द्यावं."

परेशला हे पद तीन वर्षं हवं होतं. त्याच्या गाडीला सावलीतली जागा मिळत नव्हती, एवढंच त्याचं सामाजिक कार्य.

ह्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. सेक्रेटरी अशा सभेत बदलता येत नाही, तो कमिटीने निवडायचा असतो, हे ह्यांना उपविधीच्या क्रमांकासकट पाठ आहे. एक वाक्य बोलले असते तर परेश खाली बसला असता. पण त्यावर परेश काही बोलला असता, त्यावर काकू उठल्या असत्या, आणि व्हिडिओ कापून चालणार नव्हता. हे मोबाइलकडे बघत होते. घशाशी कायदा आणि तोंडावर नेतृत्व, अशी त्यांची अवस्था झाली होती.

शेवटी अगदी गोड आवाजात म्हणाले, "ठरावाला अनुमोदन कोणाचं?"

एवढं एकच कोणाला पढवलेलं नव्हतं.  जो तो दुसऱ्याकडे बघतोय. ह्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. अनुमोदन नाही तर ठराव नाही, कोणाशी वाद न घालता विषय संपत होता.

मी हात वर केला.

फ्लॅटच्या कागदावर पहिलं नाव माझं आहे, तेव्हा सभासद म्हणून तो हात पक्का कायदेशीर होता. "आशालता साटम, फ्लॅट क्रमांक दोनशे चार. माझं अनुमोदन," असं मी उभी राहून, हे लिहून घेतात त्या वेगाने सांगितलं.

मी ते ठरवून केलं नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं की ह्यांना पदवी हवी आहे, केबिन हवी आहे आणि सोसायटीसुद्धा हवी आहे, आणि या तिन्हींत मी कुठेच नाही. राग आला आणि हात वर गेला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मोबाइलकडे. मग विचारलं, "मंजूर?"

"मंजूर!" पार्किंग दणाणलं. काकूंनी पदर सोडून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या, कारण आता वडे येणार होते. त्याच संध्याकाळी कमिटी बसली आणि उपविधीप्रमाणे नवा सेक्रेटरी पाच मिनिटांत निवडून मोकळी झाली.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला अबोला म्हणता येणार नाही, कारण हे बोलत होते, पण नोटिशीच्या भाषेत. "भाजीत मीठ कमी असल्याचे निदर्शनास आले आहे." बदाम मात्र रोज खात होते. तोंडी परीक्षेसाठी अनुभवाचा दाखला हवा होता आणि तो विद्यमान सेक्रेटरीच्या सहीचा. म्हणजे हे परेशच्या दारात गेले. परेश तेव्हा दोन्ही कानांना दोन फोन लावून टँकरवाल्याला विनवत होता. "काका, तुम्हीच लिहून आणा ना, मी साइन मारतो," असं म्हणून त्याने दार लावलं. हे खाली आले, स्वतःची स्तुती तीनदा लिहिली, तीनदा फाडली आणि शेवटी 'कामकाज समाधानकारक' एवढं एका ओळीत लिहून नेलं.

तोंडी परीक्षा शनिवारी दुपारी होती. हे वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातला लेंगा अशा वेषात लॅपटॉपसमोर बसले. मी स्वयंपाकघरात होते. भाजी निवडत होते असं म्हणायला हरकत नाही, पण एकच जुडी मी अर्धा तास निवडत होते.

परीक्षक वसुंधरा मॅडम म्हणून कोणी होत्या, पुण्याकडच्या वाटल्या. व्हिडिओ त्यांना फार आवडला होता. इतक्या वर्षांचं पद सोडताना उमेदवाराने एकही विरोधी शब्द काढला नाही, हे सत्तांतराचं आदर्श उदाहरण आहे, असं त्या म्हणाल्या. हे "थँक्यू मॅडम" म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

"आणखी एक विचारते," मॅडम म्हणाल्या. "ठरावाला अनुमोदन देणाऱ्या त्या बाई. बाकी सगळे तुमच्याकडे बघून मंजूर म्हणत होते. त्यांनी तसं केलं नाही. त्या कोण?"

मी हातातली मेथी खाली ठेवली. बायको म्हणाले असते, तर मॅडम हसल्या असत्या आणि विषय मिटला असता.

"सभासद आहेत," हे म्हणाले. मग कॉलर सरळ केली. "माझी पत्नी आहे. माझ्या कामाचा सगळ्यात जास्त त्रास तिला झाला."

"म्हणजे कसा?"

"तिचं ऑपरेशन होतं, मॅडम. तिला आत नेलं तेव्हा मी बाहेर लिफ्टच्या मेकॅनिकशी फोनवर बोलत होतो. तिने स्ट्रेचरवरून मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तिला हाताने थांब अशी खूण केली."

मी त्याबद्दल ह्यांना कधी एक शब्द बोलले नव्हते. ह्यांना ते ठाऊकच नाही, असं धरून मी सहा वर्षं चालले होते.

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांच्या यादीतला पुढचा प्रश्न असावा तो त्यांनी विचारला, "ही तक्रार तुम्ही कशी सोडवलीत?"

"सोडवली नाही," हे म्हणाले. "कोणाचा पाइप कुठे गळतो ते मला पाठ असायचं. तिला काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं."

त्या विषयात ह्यांना पूर्ण क्रेडिट मिळालं, शेऱ्यासकट, 'उमेदवारास आपल्या मर्यादांची जाण आहे.' उरलेले दोन पेपर दिले की दिवाळीच्या आत पदवी हातात पडेल, असं अक्षदा म्हणते. पण तेव्हा, त्या दुपारी, मी ओट्याला टेकून रडत होते आणि रडू येतंय याचाही मला राग येत होता. इतकी वर्षं जपलेला राग होता तो. एका परक्या बाईला दिलेल्या उत्तरासरशी तो जावा, हे मला मुळीच पसंत नव्हतं. सगळा गेला नाही, पण बराचसा गेला.