नगरीबाहेरचा नंदी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी नंदी आहे. थोडा गर्विष्ठही आहे, ते आधीच सांगून टाकतो. पोळ्याला खरे बैल मिरवतात, पण दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या नागपुरात आमचाच मान असतो. पोरं आम्हाला सजवून दारोदार ओढत नेतात, बाया आमची पूजा करतात आणि पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ ठेवतात.

मला भिवापूरच्या कवडू सुताराने सागवानातून घडवलं. माझं वशिंड तासताना तो स्वतःशीच गुणगुणत असे आणि मी ते झोपेत ऐकावं तसं ऐकत असे. पुढे श्रीधर नावाच्या लहानग्यासाठी मला नागपूरला आणलं. काय दिवस होते ते! पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. माझी चाकं रस्त्यावर खडखडली की बाया हातातलं काम टाकून दारात येत. नंदी पाहावा तर श्रीधरचा, असं लोक म्हणत आणि माझी छाती फुगे. लाकडाची छाती फुगत नाही म्हणता? माझी फुगत असे.

श्रीधर मोठा झाला, त्याने शहराच्या टोकाला, बेसाला फ्लॅट घेतला, आणि त्याची लेक रितिका मला ओढू लागली. तिच्याबरोबर दोरीला हात लावायला शेजारची गुंजन असायचीच. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. मग त्याही मोठ्या झाल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे धूळ खात मी स्वप्नं पाहत पडलो.

दरम्यान खाली नवीनच जग आलं. पोरं डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवत आणि बसल्या जागी 'नगरी' नावाच्या गावात जात. शाळा नगरीत, वाढदिवस नगरीत, गप्पाही तिथेच. जो नगरीत नाही, तो कुणाच्या लक्षातच राहत नसे. गुंजनही तिकडेच रमली. रितिकाचा डावा डोळा जन्मापासून तिरळा. चष्मा आधी दोन्ही डोळ्यांची ओळख पटवी आणि दर वेळी तिला नकार देई. श्रीधरने रामदासपेठेतल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोळा निरोगी आहे, ते म्हणाले, चष्म्यालाच तो कळत नाही. चष्मेवाल्यांनी हात वर केले. पोरगी मान खाली घालून चालायला शिकली. तिला नगरी नको होती हो, तिला फक्त तिची गुंजन परत हवी होती. मला वर पडल्या पडल्या तिचं रडणं ऐकू येई आणि माझा जीव तुटे.

यंदा तान्हा पोळाही नगरीत ठरला. खाली पार्किंगमध्ये तोरणं लावली, खुर्च्या मांडल्या, पोरं चष्मे लावून ओळीत बसली. प्रत्येकाला उजेडाचा एकेक बैल मिळणार होता. सोहळा संपायच्या आत चष्मा काढला, तर दिवाळीपर्यंत नगरीचं दार बंद.

त्या दुपारी रितिकाने मला माळ्यावरून उतरवलं.

"इतकी मोठी झाली नं वं तू, नंदी काहून काढून राहिली?" श्रीधरने विचारलं.

"मले तो उजेडाचा बैल नाही भेटत, बाबा. मंग माहाच नेतो."

त्याने माझ्या चाकांना तेल घातलं, पाठीवर झूल चढवली आणि घुंगरमाळ स्वतःच्या हाताने बांधली.

रितिका मला घेऊन पार्किंगमध्ये शिरली. खुर्च्यांच्या ओळीपुढून माझे घुंगरू वाजले, आणि मित्रांनो, पोरं हसू लागली! आपल्या उजेडाच्या बैलांना आवाज फुटला, असंच त्यांना वाटलं. हात पुढे करून ती चाचपडत उठली. एकीने माझी झूल धरली, दुसऱ्याने तिची ओढणी, तिसऱ्याने त्याचा सदरा. रितिकाने मागे वळून पाहिलं. चष्मे लावलेल्या पोरांची लांबच लांब रांग तिच्यामागे चालत होती, झोपेत चालावी तशी. तिने मनात आणलं असतं तर सगळ्यांना खांबावर आदळवलं असतं. पण तिने चाल मंद केली. वळण आलं की थांबे, उंचवटा आला की मला हळूच उचले. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात ती रांग फाटकापर्यंत तरंगत गेली. इतकी सुंदर मिरवणूक मी श्रीधरच्या काळातही पाहिली नव्हती.

झूल धरणारी पोरगी माझी पाठ, वशिंड, कान चाचपत होती.

"हा बैल हाताले लागते, मंग दिसत काहून नाही?" ती म्हणाली.

"तो नगरीतला नाही. माहा हे, गुंजन."

गुंजनचा हात थबकला. चष्म्यातून बारीक आवाजात ताकीद आली, सोहळा सोडू नका. तिने चष्मा काढला आणि माझ्या शिंगाला अडकवला.

रितिकाने सवयीने मान खाली घातली.

"वर पाह्य नं वं," गुंजन म्हणाली. "किती दिवस झाले, तुले पाह्यलंच नाही."

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या माळ्यावर पडलं असेल, तर त्याला वर्षातून एकदा तरी खाली उतरवा आणि चाकांना तेल द्या. बाहेर एकटं राहिलेलं कुणीतरी त्याच्याही दोरीची वाट पाहत असेल. गुंजनसाठी नगरीचं दार आता दिवाळीपर्यंत बंद आहे. पण बाहेर आम्ही तिघं आहोत, आणि रितिका मान वर करून हसते.