आडसाली लागण

कोल्हापुरात लग्न असो, सत्कार असो की दूध संस्थेची वार्षिक सभा, माईक विजयसिंहच्याच हातात असायचा. आवाज असा खणखणीत की मांडवातली शेवटची रांगसुद्धा गप्प व्हायची. पण चार वर्षांपूर्वी त्याच्या कपाळानं मागं सरकायला सुरुवात केली आणि चाळिशीच्या आतच निम्मं डोकं बळकावलं. लग्नात फेटा असतो, तिथं झाकून जायचं. साखरपुड्याला आणि सत्काराला निवेदकाच्या डोक्याला फेटा कोण बांधतंय? त्यात व्हिडिओवाल्यांनी ड्रोन आणले. ड्रोन वरून बघतो, त्याला लाजलज्जा नसते. एका साखरपुड्याचा व्हिडिओ बघून विजयसिंहनं त्याच आठवड्यात केस लावणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मागचे केस काढून पुढं लावायचे. दहा दिवस ऊन, घाम, धूळ आणि हेल्मेट बंद. महिनाभर पुढच्या भागाला वस्तरा लावायचा नाही. लावलेले केस तीन-चार आठवड्यांनी गळून पडतात, तेव्हा घाबरायचं नाही, मुळं आत असतात. नवे यायला चार महिने लागतात आणि खरी शोभा यायला वर्ष जातं. कुठला ऋतू चांगला असं त्यानं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले की केसांना ऋतू कळत नाही, तुम्हाला जपायला जमेल तो ऋतू चांगला.

एवढ्यावर ज्याचं समाधान होईल तो विजयसिंह कसला! त्यानं पंचांग आणि लग्नांची डायरी शेजारी शेजारी मांडली. सगळे सांगत होते, थंडीत कर, घाम येत नाही. पण तुळशीचं लग्न लागलं की त्याचा हंगाम सुरू व्हायचा आणि तो ज्येष्ठापर्यंत चालायचा. पावसाळा मोकळा, तर पावसाळ्यात जखम चिघळेल ही भीती. महिना गेला तरी ठरेना. बायको राजनंदिनी म्हणाली की मुलाच्या शाळेला एवढे मुहूर्त बघितले नाहीत तुम्ही.

वैशाखात त्याचे वडील मुरगूडहून दोन दिवसांसाठी आले. आकारामआबांना पोटाचं काहीतरी दाखवायचं होतं. दवाखान्यात धाकटा भाऊ कृष्णात त्यांच्याबरोबर गेला, कारण विजयसिंहला त्या दिवशी दोन लग्नं होती. संध्याकाळी विचारलं तर कृष्णात म्हणाला, पित्त हाय, गोळ्या दिल्यात. जेवणं झाल्यावर विजयसिंहनं आबांपुढं केसांचा विषय काढला. आबा हसतील असं त्याला वाटलं होतं. आबा हसले नाहीत. त्यांनी पंचांग मागून घेतलं, चष्मा लावला आणि पानं उलटत बराच वेळ बसले.

"आषाढात कर," ते म्हणाले. "थंडीची वाट बघू नगोस. उसाची आडसाली लागण आषाढातच करत्यात. लई दिवस रानात ऱ्हाती, पर वजन तिलाच मिळतंय."

उसाच्या लागणीत आबांचा अंदाज कधी चुकला नव्हता. शिवारातले लोक त्यांना विचारून सऱ्या सोडायचे. विजयसिंहला हा सल्ला इतका आवडला की पुढं तो मित्रांना सांगत सुटला, आमच्या आबांनी माझ्या डोक्याची आडसाली काढली. त्यानं आषाढातली तारीख पक्की केली.

ज्येष्ठात कृष्णातचा फोन आला. श्रावणात सगळ्यांनी तिरुपतीला जायचं आहे, आबांची इच्छा आहे, आणि दोघा भावांनी तिथं केस द्यायचे आहेत. विजयसिंहला घाम फुटला. आषाढात लावायचे आणि श्रावणात बालाजीला देऊन टाकायचे? बरं, देवाला नाही कसं म्हणायचं? त्यानं सगळं डॉक्टरवर ढकललं. म्हणाला, यात्रा दिवाळीनंतर ठेवा, आणि केसांचं म्हणाल तर डॉक्टरनं सहा महिने वस्तरा लावायचा नाही असं बजावलंय. एकाचे सहा करताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. माईकवर रोज याहून मोठं बोलायची सवय होती.

पलीकडं आबांनी फोन घेतला. "सहा म्हैनं? नक्की?"

"नक्की, आबा."

"म्हंजे पौष," आबा म्हणाले. "बरं. मग तसं धरून चालू." तिरुपतीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि आपण शिताफीनं सुटलो म्हणून विजयसिंह खूश झाला.

आषाढात लागण झाली. दहा दिवस तो घरात उशांचा ढीग मागं घेऊन बसला. आबांचा रोज फोन यायचा. रोपं धरली का, पाणी किती देतोस, ऊन लागू देऊ नगोस. त्यांचा आवाज बारीक झाला होता. विजयसिंहला वाटलं, पावसानं मुरगुडात रेंज गेली असेल. मग खपल्या पडल्या आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लावलेले केसही पडले. आरशातलं डोकं पहिल्यापेक्षा वाईट दिसायला लागलं. असं डोकं घेऊन गावात कुठं जायचं? चावडीवर बसलेल्यांना वर्षभराची करमणूक झाली असती. नागपंचमीला त्यानं जायचं टाळलं. राजनंदिनी मात्र कागलला माहेरी जाते म्हणायची आणि तिथून मुरगूडला जाऊन यायची. प्रत्येक वेळी निघताना म्हणायची, "चला की एकदा, आबांना भेटून येऊ." तो म्हणायचा, जरा बरं दिसू दे.

श्रावणाच्या शेवटी एका सकाळी कृष्णातचा फोन आला, आणि आबा गेले हे त्याला कळलं.

तो मुरगूडला पोचला तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. कृष्णात उघड्या अंगानं, ओल्या धोतरात उभा होता आणि त्याच्या हातात मडकं होतं. थोरला मुलगा जिवंत असताना बापाचं मडकं धाकट्याच्या हातात! विजयसिंह पुढं झाला, तसा भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला आणि हळू आवाजात सांगितलं, तू मागं थांब, आबानं सांगून ठेवलंय. सगळ्यांनी माना हलवल्या. एकालाही नवल वाटलं नाही, आणि त्याला सगळ्यात जास्त तेच लागलं. बापाच्या तिरडीमागून तो पाव्हण्यासारखा चालत गेला.

घरी परतल्यावर त्यानं आईला विचारलं. धोंडुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही, आता लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. वैशाखातल्या तपासणीत पोटातली गाठ निघाली होती, आणि ती पसरली होती. फार तर दिवाळी बघतील, असं डॉक्टर म्हणाले होते. आबांनी सगळ्यांना शपथ घातली, इजूला सांगायचं न्हाय.

"ते म्हणायचं, कळलं तर पोरगं केसांचं रद्द करंल," धोंडुबाई म्हणाल्या. "थंडीपातूर थांबला तर मी गेलेला असणार, मग सालभर सुतकात कोण केस लावतंय? म्हणून आषाढ सांगितला. सहा म्हैनं वस्तरा न्हाय म्हणालास, तवापासनं बोटं मोजायचं. पौषापातूर तगलो तर सगळं थोरल्यानं करायचं. न्हाय तगलो तर धाकट्यानं."

अग्नी देणाऱ्यानं रक्षाविसर्जनाला डोकं भादरायचं, ही त्या घराची रीत होती. आबांनी नदीवर वस्तरा घेऊन येणाऱ्या गणपतरावांनाही बोलावून ताकीद दिली होती. म्हणजे न्हाव्याला ठाऊक. भावकीला ठाऊक. त्यानं राजनंदिनीकडं बघितलं, आणि तिनं मान वळवली. तिलाही वैशाखापासून ठाऊक होतं. त्याच्या उशा नीट लावताना, त्याच्या डोक्यावर औषधाचा फवारा मारताना तिला ठाऊक होतं.

विजयसिंह पेटला. एवढा मोठा विश्वासघात वैऱ्यानंही केला नसता, असं तो म्हणाला. चार महिने होते, चार महिने तो बापाच्या पायाशी बसला असता, ते यांनी परस्पर वाटून घेतले. आणि का, तर त्याला बापापेक्षा केस मोठे आहेत, असं सगळ्यांनी बसून ठरवलं म्हणून.

"मला एकदा इचारायचं तरी," तो म्हणाला. "मी केसांना न्हाय म्हणलो नसतो का?"

कृष्णात दारात उभा होता. त्याचे डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता. "तिरुपती कशापायी काढलती दादा? आबांसाठी मीच नवस बोललोतो, आबांचं नाव नुसतं पुढं केलं. शपथेमुळं सांगता येत न्हवतं, पर तू आला असतास तर वाटंत कायतरी तुझ्या ध्यानात आलं असतं. तू वस्तऱ्याचं कारण काढलंस."

विजयसिंह उठून घरामागच्या परड्यात गेला. दोन दिवस तो तिथंच बसून असायचा. लोकांना वाटलं, थोरल्याला मान डावलल्याचं लागलंय. लागलंच होतं. जितक्या वेळा मनात हिशेब मांडला, तितक्या वेळा सगळे दोषी निघायचे, आणि मग फोनवरचं ते 'नक्की?' कानात यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेदगंगेच्या काठावर रक्षाविसर्जनाला माणसं जमली. रक्षा नदीत सोडून झाली. पाऊस थांबला होता, पण पाणी गढूळ आणि चढलेलं होतं. गणपतराव दगडावर बसले होते आणि त्यांच्यापुढं कृष्णात. निम्मं डोकं झालं होतं. विजयसिंह जाऊन कृष्णातच्या शेजारी बसला आणि आल्यापासून डोक्यावर ठेवलेली टोपी काढली. पुढं ओसाड, मागं विरळ, असं ते डोकं पहिल्यांदाच गावानं बघितलं. कुणी हसलं नाही.

"माझंबी काढा," तो म्हणाला.

गणपतरावांनी वस्तरा खाली घेतला. "न्हाय इजू. आबांनी माझा हात धरून सांगितलंय. थोरल्याच्या डोक्याला पौषाच्या आत लावायचा न्हाय. मेलेल्या माणसाचा शब्द हाय."

"लावा. काय हुत न्हाय."

"सहा म्हैनं झाल्याबिगर कसं लावू? समदी मेहनत वाया जाईल तुझी."

विजयसिंहनं नदीकडं बघितलं. हजार माणसांसमोर न कापणारा त्याचा आवाज आता शेजारच्या माणसालाही धड ऐकू जाईना.

"डॉक्टर सहा म्हणालाच न्हवता," तो म्हणाला. "एक म्हैना म्हणालता, त्यो कवाच सरला. सहा मी सांगितलं. तिरुपतीला केस द्यायला लागू नयेत म्हणून."

मागं उभ्या असलेल्या भावकीत कुजबुज झाली आणि थांबली. कृष्णातनं सावकाश मान वळवली. त्याच्या डोक्यावर एका बाजूला केस होते, एका बाजूला नव्हते, आणि कानामागून पाणी गळत होतं. आतापर्यंत फसवला गेलेला माणूस एकच होता. आता कृष्णातच्या चेहऱ्यावर तेच सगळं आलं, जे तीन दिवस विजयसिंहच्या चेहऱ्यावर होतं.

"शेवटाला अन्न जाईना," कृष्णात म्हणाला. "तरी चमच्यानं पेज घ्यायचं. म्हणायचं, पौषापातूर रेटायचं हाय. मग आबा कशासाठी मोजत हुतं, दादा?"

विजयसिंहनं मान खाली घातली. गणपतरावांनी वस्तऱ्यात नवं पातं घातलं, ओंजळभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि पुढून सुरुवात केली.