बस्सीचं इंजेक्शन

तारामती घोडके कुणाला नाडी मोजू देत नाही, हे गिरिजाच्या ध्यानात आलं तेव्हा कॉलेजचं पहिलं वर्ष निम्मं सरलं होतं.

जयपूरच्या त्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात मराठी मुली दोघीच. गिरिजाचे वडील सुभेदार हणमंत साळुंखे, मूळचे साताऱ्याकडचे, इथल्या छावणीत होते. ताराचे वडील सोलापूरहून झोटवाड्याच्या एका पंपांच्या कारखान्यात फोरमन म्हणून आलेले. दोघी सायकलवरून यायच्या, डबा वाटून खायच्या आणि दोघीही आठशे मीटर धावायच्या. तारा पहिली यायची, गिरिजा दुसरी. त्यात कधी बदल झाला नाही.

व्यायामाचं शरीरशास्त्र शिकवायला चंद्रकांत बापटसर होते. त्यांच्या प्रात्यक्षिकात लाकडी बाकावर तालात चढउतार करायची, धाप लागली की खाली बसायचं आणि जोडीदारणीने नाडी मोजायची. गिरिजाची जोडीदारीण अर्थातच तारा. पण गिरिजाने हात पुढे केला की तारा आपली बोटं आपल्याच मनगटावर ठेवायची.

"मी मोजते. तू घड्याळ बघ."

मग ती जो आकडा सांगेल तो गिरिजाने लिहायचा. आकडा नेहमी छान असायचा. सरांनी छातीला नळी लावून ठोके ऐकायला शिकवलं त्या दिवशी तर तारा आलीच नाही. पोट दुखत होतं म्हणे.

तेवढ्यावर गिरिजाने काही मनात घेतलं नसतं. पण सत्त्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात बापटसरांनी एक तास परदेशी खेळाडूंच्या औषधांवर घेतला. ताकद वाढवायची इंजेक्शनं, त्यांनी वाढणारे स्नायू, पुढे बिघडणारं शरीर. "बायकांचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात," सर म्हणाले. "आपल्याकडे हे नाही असं समजू नका. येतंय हळूहळू."

ताराचा आवाज मुळातच जाडा होता. हनुवटीवर दोन पुटकुळ्या होत्या. एकोणीस वर्षांच्या कुठल्या मुलीला त्या नसतात? तरी त्या तासापासून गिरिजाची नजर ताराच्या हनुवटीवरून हलेना. संशयाचं असंच असतं. एकदा घरात शिरला की तो सगळ्या भांड्यांची झाकणं उघडून बघतो.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. दर तीन-चार आठवड्यांनी एखाद्या दिवशी तारा मैदानावर लंगडत यायची. विचारलं तर, "सायकलवरून पडले." पण कुठे खरचटलेलं नसायचं, आणि दोन दिवसांत लंगडणं नाहीसं व्हायचं. त्याच्या आदल्या दिवशी तिची हमखास दांडी असायची. एकदा गिरिजाने सहज विचारलं, "काल कुठं होतीस गं?"

"बस्सीला. मावशीकडे."

"सोलापूरकरांची मावशी बस्सीला कशी?"

"मानलेली मावशी आहे," तारा म्हणाली आणि डब्याचं झाकण लावून उठली.

पुढच्या खेपेला तारा बस्सी गावाकडे जाणाऱ्या आग्रा रस्त्याच्या बसमध्ये चढली तेव्हा गिरिजा मागच्या दाराने आत शिरली. तोंडावरून ओढणी ओढून ती गावाकडच्या बायकांच्या घोळक्यात बसून राहिली. बस्सीला उतरून तारा बाजारातून सरळ चालत सरकारी दवाखान्यात गेली. गिरिजा खिडकीशी उभी राहिली. आत पांढऱ्या साडीतली एक नर्स होती. तिने ताराला मराठीत काहीतरी विचारलं, तारा हसली. नर्सने एका लहान बाटलीत पाणी सोडलं, बाटली तळहातांवर घोळवली आणि जाडजूड सुईत औषध भरलं. तारा पलंगावर पालथी पडली. सुई शिरताना तिने उशीचं टोक दातांत धरलं.

बाहेर पडताना ती लंगडत होती.

घरी आल्यावर गिरिजाने आईला सगळं सांगितलं. भागुबाई गॅसपाशी बाजरीची भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "सुई टोचताना पाह्यलंस. बाटलीत काय हुतं त्ये पाह्यलंस का?"

"आई, मतलब, दुसरं काय असणार? दवाखाना काय जयपुरात नाही? एवढ्या लांब लपूनछपून कशाला जायचं?"

"मला काय ठावं? पर पोरीच्या नावाला एकदा काळं लागलं की निघत न्हाई. बघ बाई."

गिरिजा गप्प बसली असती कदाचित. पण त्याच आठवड्यात निवड चाचणी झाली. पतियाळ्याच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला आठशे मीटरसाठी एकच मुलगी जाणार होती. शेवटच्या वळणापर्यंत गिरिजा पुढे होती. तिला वाटलं, आज जमलं. तेवढ्यात मागून ताराचे पाय ऐकू आले, मग ते शेजारी आले, मग फक्त तिची पाठ दिसत राहिली. रेषेपलीकडे गिरिजा गुडघ्यांवर हात टेकून उभी होती आणि तारा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचे ओठ जांभळट दिसत होते. गिरिजाने तेही संशयाच्याच खात्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती बापटसरांच्या खोलीत गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुला खात्री आहे?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय, सर."

"आणि तू दुसरी आलीस, म्हणून तर नाही ना?"

गिरिजाचे कान तापले. "नाही सर," ती म्हणाली. पण बाहेर पडताना तिला आपलंच उत्तर पोकळ वाटलं.

सरांनी ताराला बोलावलं. गिरिजा व्हरांड्यात खांबाआड थांबली. आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"इस्पितळात तपासणी करून घेऊ. काही नसेल तर प्रश्नच मिटला."

"मी तपासणी करणार नाही, सर."

"का?"

आत तिची खुर्ची सरकली.

"मग मी तुला नेऊ शकत नाही, तारा."

"नका नेऊ."

तारा बाहेर आली आणि खांबापाशी थांबली. तिचा चेहरा अगदी कोरा होता. "बसमध्ये तूच होतीस ना? तोंड झाकलंस, पण पायात कॉलेजचे कॅनव्हासचे बूट होते. बस्सीच्या बायका ते घालत नाहीत."

ती निघून गेली.

कॉलेजभर बोभाटा व्हायला दुपारही लागली नाही. तारा औषध घेऊन धावायची, ताराला पकडलं. यादीत तिच्या जागी गिरिजाचं नाव लागलं. गिरिजाला आनंद व्हायला हवा होता, पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. ताराने तिला बसमध्येच ओळखलं होतं. चोरी करणाऱ्याने मागावर कुणी आहे असं पाहिलं तर तो पाऊल मागे घेतो. ही तर तिच्यादेखत आत गेली आणि इंजेक्शन घेऊन आली. असं कोणतं औषध असेल, की जे पकडलं जाण्याच्या भीतीनेही चुकवता येत नाही?

रविवारी गिरिजा पुन्हा बस्सीला गेली. या वेळी तोंड न झाकता. नर्सचं नाव इंदुबाई. नवऱ्याच्या नोकरीपायी अकोल्याहून इकडे आलेली बाई. मराठी बोलणारं कुणी भेटलं की विरघळायची. "ताराची मैत्रीण का तू? ये ये, बस. तिचा पाय कसा आहे? पेनिसिलिन फार दुखतं गं, पण इलाज नाही."

"पेनिसिलिन?"

"तिने सांगितलं नाही होय? लहानपणी सांधे सुजून ताप यायचा तिला. त्या तापाने हृदयाची झडप खराब झाली. पुन्हा ताप आला तर आणखी बिघडेल, म्हणून हे इंजेक्शन चालू ठेवायचं. जयपुरात घेतलं तर चार लोकांत बोललं जातं, लग्नाची मुलगी. म्हणून तिची आई तिला माझ्याकडे पाठवते."

गिरिजा खुर्चीवर पुढे सरकली. "मावशी, अशी मुलगी धावली तर?"

"धावायचं कसलं? डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. ती तर शिकवायचं शिकतेय ना, शाळेतल्या मुलींना कवायत वगैरे?" इंदुबाई बोलता बोलता थांबल्या. गिरिजाकडे बघत राहिल्या. "ती धावते?"

परतीच्या बसमधून गिरिजा छावणीकडे गेलीच नाही. ती झोटवाड्याला उतरली. ताराच्या आईने दार उघडलं आणि हसून आत घेतलं. तिला कसलाच पत्ता नव्हता. तारा गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"इंदुमावशींना भेटून आले," गिरिजा म्हणाली.

ताराने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. "आता कुणाला सांगणार आहेस?"

"तू सरांना खरं का नाही सांगितलंस? सगळे तुला चोर म्हणतायत."

"म्हणू देत. चोराला वर्षभर बाहेर ठेवतील, पुढच्या वर्षी परत घेतील. आजारी माणसाला कोण परत घेतं?"

"अगं, पण धावता धावता पडलीस तर? त्या दिवशी तुझे ओठ बघितलेत मी."

"बघितलेस आणि काय समजलीस?" तारा पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. "गिरिजा, खरं सांग. तुला माझी काळजी आहे, की पतियाळ्याला जायचंय?"

खाली कुठल्याशा कारखान्यात पत्रा ठोकत होते. "तेव्हा पतियाळाच होतं बहुतेक," ती म्हणाली. "आत्ता नाही. तू तपासून घेतल्याशिवाय मी जाणार नाही. सरांना तसं सांगते."

"त्याने काय होणार?"

"काही नाही. पण जाणार नाही."

उरलेले कपडे दोघींनी मिळून वाळत घातले. जिन्यावरून उतरताना तारा इतकंच म्हणाली, "आईसमोर बोलू नकोस."

दोन दिवस ती कॉलेजात फिरकली नाही. गिरिजाने सरांना सांगितलं की मी जात नाही. कारण विचारलं तर मान खाली घालून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तारा स्वतः सरांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने सर तिला बरोबर घेऊन इस्पितळात गेले. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं ते इंदुबाईंनी सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळं नव्हतं. झडप गळते आहे. चालणं, हलका खेळ, शिकवणं, सगळं चालेल. शर्यत नाही. परत कधीच नाही.

सरांनी गोष्ट आपल्यापाशी ठेवली, कारण ताराने तशी अटच घातली होती. गिरिजाला मात्र त्यांनी दटावून पतियाळ्याला नेलं. तिथे ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

परत आली तेव्हा कॉलेजात गोष्ट पक्की झाली होती. तारा औषध घ्यायची आणि गिरिजाने जागेसाठी तिला पकडून दिलं. गिरिजा आली की मुली कपडे बदलायच्या खोलीत बोलायच्या थांबत. कुणी तिच्यासमोर साधी डोकेदुखीची गोळीही घेईना. "भई, इससे बचके," विमला शेखावत एकदा तिला ऐकू जाईल असं म्हणाली.

गिरिजाने ताराला मैदानाच्या कडेला गाठलं. तारा आता सरांबरोबर वेळ घ्यायचं काम करायची. "एकदा खरं सांगून टाकू या ना. तुझंही नाव साफ होईल, माझंही."

"तुझं कशाने साफ होईल?" तारा म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

गिरिजा वाकून बुटाची नाडी बांधू लागली.

"आणि माझं राहू दे," तारा पुढे म्हणाली. "माझी कीव करतील त्यापेक्षा संशय घेऊ देत. मी इतकी जोरात धावत होते की माणसाला औषधाचा संशय आला. तेवढं तरी राहील."

समोर मुली रेषेवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. ताराने शिट्टी तोंडाला लावली. गिरिजा तिच्या शेजारी उभी राहिली. आपल्याला माफ केलंय की नुसतं सहन केलं जातंय, हे तिला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.