मंगळवारची बाटली

कमलाने मिरचीचा डबा उघडला आणि तसाच परत बंद केला. समोर परातीत मटणाचे मोठे तुकडे लसूण-मीठ लावून ठेवले होते. स्वयंपाकघराच्या दारात करिश्मा उभी होती.

"तिखट बिलकूल नको म्हणते मॅडम. वाइनची चव मरते म्हणते."

"तिखट नाई तर मटण कायचं?"

"मले काय मालूम? तिकडं असंच खातेत म्हणे. लसूण, मीठ अन् लाकडाचा विस्तव."

करिश्मा ताडोब्यात गाइड होती, इंग्रजी बोलायची. मॅडम म्हणजे पिलार, स्पेनहून एकटीच आलेली साठीपुढची बाई. तीन दिवस ती पहाटे जिप्सीत बसून जंगलात जायची आणि वाघ दिसला काय, न दिसला काय, तशीच गप्प परत यायची. आज मंगळवार, सफारी बंद. सकाळीच तिने स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेली बाटली रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली होती, आणि हिच्यासोबत शोभेल असं काही दुपारी कराल का, असं विचारलं होतं.

कमलाने चुलीतले निखारे पुढे ओढले आणि मटण जाळीवर ठेवलं. चरबी ठिबकली की धूर उठे. ती वाकून तुकडे परतत राहिली.

ताट घेऊन ती व्हरांड्यात गेली, तेव्हा बाटली तासाभरापासून उघडी होती. पिलारने दोन ग्लास भरले. दुसरा समोरच्या खुर्चीकडे सरकवला आणि कमलाला बसायची खूण केली.

"ही बाटली नवऱ्यासंग उघडायची होती म्हणते," करिश्मा म्हणाली. "लग्नाले चाळीस वर्षं होणार होती. तो मागच्या साली गेला. वाघ बी त्यालेच पाहायचा होता."

कमला एप्रन न काढताच खुर्चीच्या कडेवर टेकली. वाइन गडद लाल होती, काठाला मात्र विटकरी. दोन वर्षं ओकच्या पिंपात ठेवतात, मग कितीतरी वर्षं बाटलीत, असं करिश्माने सांगितलं. कमलाने वास घेतला. रंधा मारलेल्या लाकडाचा होता, आणि त्याच्या मागून थोडा तंबाखूचा. तिने घोट घेतला. तोंड आकसलं.

"तुरट हाय. जांभळावाणी."

पिलारने ताटाकडे बोट केलं. कमलाने मटणाचा घास खाल्ला आणि पुन्हा घोट घेतला.

"आता नाई लागत!"

याचं भाषांतर व्हायची पिलारने वाट पाहिली नाही. ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे टिपले. मग हळू आवाजात काहीतरी विचारलं. करिश्मा जरा घुटमळली.

"तुमच्या नवऱ्याचं विचारून राह्यली, कमलाबाई. त्याले काय आवडते म्हणून."

कमलाचा नवरा लच्छू अकरा वर्षांपूर्वी गावच्या लोकांसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. परतीच्या वाटेवर एका स्टेशनवर पाणी आणायला उतरला आणि गाडी सुटली. पुढे त्याचा पत्ता लागला नाही. सावली तालुक्यातल्या आपल्या गावात कमला विचारणाऱ्याला एकच सांगे, "तिकडंच हाय. येईल." दिराच्या तोंडून चुकून 'लच्छू होता तेव्हा' निघालं, तर ती ताटावरून उठून जायची. इथे कामाला लागली तेव्हा करिश्मालाही तिने तेच सांगितलं होतं.

कमलाने ग्लास खाली ठेवला. टेबलावर सांडलेले मिठाचे कण ती बोटाने एका जागी गोळा करू लागली.

"त्याले आंबाडीची भाजी आवडत होती," ती म्हणाली. "सुके झिंगे टाकून. धानाच्या बांधीतून आला का हात बी धुवत नव्हता. चिखलाच्या पायानं चुलीपाशी येऊन बसे, अन् झाली का, झाली का, विचारत राहे."

करिश्मा पिलारकडे वळली, पण मध्येच थांबली. तिने पुन्हा कमलाकडे पाहिलं.

"'आवडत होती', असंच सांगू?"

कमलाने मिठाचे कण तळहातावर घेतले.

"हो," ती म्हणाली. "असंच सांग."