जनजागृतीचा अभाव

पडघ्याजवळच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' शिकवतो. पद्धत सोपी आहे. एक अडचण घ्यायची आणि पाच वेळा 'का' विचारायचं. तळाशी मूळ कारण सापडतं. आमची मुलं हे उलट्या बाजूने करतात. आधी मूळ कारण लिहितात, मग वरच्या जागा भरतात. मूळ कारणही सगळ्यांचं एकच. यंत्रमाग का बंद पडला, मानकोली नाक्यावर ट्रॅफिक का तुंबतं, कँटीनचा वडा थंड का असतो? जनजागृतीचा अभाव. वाचून वाचून माझं डोकं उठतं.

वर्गातल्या पूर्वी नावाच्या मुलीनेही तेच लिहिलं होतं. तिची अडचण मात्र खरी होती. पुण्याच्या एका कारखान्यात तिला नोकरी मिळाली होती, वडील पाठवत नव्हते, आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. मूळ कारण : पालकांमध्ये जनजागृतीचा अभाव.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सर. सगळे तेच लिहितात."

"मनची उत्तरं लिहायची नाहीत. वडिलांनाच जाऊन विचार," म्हणत मी असाइनमेंट परत केली.

दुसऱ्या दिवशी वडील स्टाफरूममध्ये हजर. केसरीनाथशेठ, काल्हेरला यांची गोदामं. मागे पूर्वी, मान खाली घालून.

"सर, पोरीला काय शिकवता तुमी? हात धुताना 'का', जेवताना 'का'. तिसऱ्याला मी ताटावरून उठलो."

"म्हणजे दोन राहिले," मी म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं. मग चहा मागवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "पुणे का नको?"

"लांब हाय."

"लांब का नको?"

"रोजचं येणंजाणं जमत न्हाय."

"रोज का यायला हवं तिने?"

शेठ उठलेच असते, पण तेवढ्यात चहा आला. "घरात माणूस नको?"

"का?"

त्यांनी कप नुसताच फिरवला. "हिची आई गेली. चार मजल्यांचं घर, आमी दोघंच. हिला उशीर झाला तर मी खालची लाइट लावून बसतो. ही येणारच न्हाय, तर कोणासाठी लावू?"

इतकी वर्षं शिकवतोय, पण खरं मूळ कारण माझ्यासमोर पहिल्यांदाच आलं. पुस्तकात यापुढे उपायाचा रकाना असतो.

"सर, मी नाही जात," पूर्वी म्हणाली. "कळवते त्यांना."

मला माझाच राग आला. जनजागृतीच्या अभावाशी ही पोरगी भांडली असती आणि पुण्याला गेली असती. याच्याशी कशी भांडणार?

शेठ हेच ऐकायला आले होते. तरी त्यांच्या कपाळाला आठी पडली. "का न्हाय जात?"

"तुम्ही एकटे पडाल."

"ते माझं हाय. तुझं सांग."

"मला घराजवळच बरं वाटतं."

"का बरं वाटतं?" त्यांचा आवाज चढला.

पूर्वीने मान वर केली. "नाही वाटत," ती म्हणाली. "मला जायचंय, बाबा." आणि रडायलाच लागली.

शेठने खिसे चाचपले. रुमाल सापडेना, तेव्हा माझ्या टेबलावरचा डस्टरच तिच्या हातात दिला.

"मग जा," ते म्हणाले. "तुझी आई गेली तवा तू होतीस, म्हणून एकट्याची सवय करायची राहिली. आता करतो."