फोटोच्या डाव्या कडेला

चष्मेवाल्याला एका जागी बसवत नसे. काच घासताना त्याचा एक पाय हलत असायचा, गिऱ्हाईक समोरची अक्षरं वाचत असताना हा मधेच पालिकेच्या कारभारावर घसरायचा, आणि दुकान बंद झालं की तेच सगळं आपल्या ब्लॉगवर लिहायचा. ब्लॉग त्याचा स्वतःचा, कुठल्या बड्या कंपनीच्या ओसरीवर मांडलेला नव्हे. आपल्यावर मालक नाही म्हणून आपलं लिहिलेलं पुसणाराही नाही, हे तो येईल त्याला ऐकवायचा. वाचणारे जेमतेम तीनशे, ऐट मात्र तीन लाखांची!

शहरात त्याच्यासारखे आणखी दोघं होते. एक इस्पितळातल्या रांगांवर लिहिणाऱ्या नर्सबाई, दुसरे झाडं आणि नाल्यांवर लिहिणारे भूगोलाचे निवृत्त मास्तर. तिघांचा एक रिवाज होता. एकाने काही टाकलं की बाकीच्या दोघांनी त्याची प्रत तासाभरात आपापल्या ब्लॉगवर ठेवायची, फोटोंसकट. उद्या कुणी दमदाटी करून एकाचं बंद पाडलं तरी मजकूर जिवंत राहिला पाहिजे.

त्या दिवशी सकाळी सातला त्याने आजवरचा सर्वांत मोठा लेख टाकला. कालव्यावरचा पायी जायचा पूल आतून गंजलाय, तो ताबडतोब बंद करा, असा तपासणीचा अहवाल पालिकेत चार महिने दाबून ठेवला होता. त्या अहवालाच्या पानाचा फोटो लेखात होता, आणि तो काढला होता त्याच्या थोरल्या बहिणीने. ताई त्याच कचेरीत टंकलेखनाचं काम करायची. बाई नाकासमोर चालणारी, पण शेकडो माणसं रोज त्या पुलावरून जाताना बघून तिलाही राहवेना. फोटो देताना तिने एकच अट घातली होती, की माझा संबंध कुठेही दिसता कामा नये. भाऊजींचा कारखाना बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं. चष्मेवाल्याने गळ्याची शपथ घेऊन हो म्हटलं होतं.

सव्वाआठला ताईचा फोन आला. आवाज अगदी हळू होता.

"त्या फोटोवर बोट ठेवून बघ."

त्याने बोट ठेवलं. फोटोच्या कडा त्याने कापल्या होत्या, पण त्या फक्त पानावर दिसण्यापुरत्या. बोट ठेवलं की मूळ फोटो अख्खा उघडत होता. डाव्या कडेला ताईचं टेबल होतं आणि टेबलावर तिच्या चष्म्याची जांभळी डबी, वर ठसठशीत अक्षरांत याच्याच दुकानाचं नाव. ती डबी कचेरीत एकीचीच, आणि ती कुणाची बहीण हे तिथल्या शिपायालाही ठाऊक. आता काय करणार, कप्पाळ? कचेरीतला साहेब दहाला यायचा.

त्याने आधी आपल्या ब्लॉगवरून फोटो काढून टाकला. मग नर्सबाईंना फोन लावला. त्यांनी एका शब्दाने न विचारता आपल्याकडचा काढून टाकला. मास्तर मात्र फोन उचलेनात. हा तसाच, दुकानाचं कुलूपही धड न लावता, त्यांच्या घरी धावला. वाटेत दोनदा चप्पल सुटली. मास्तर निवांतपणे कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांना सगळं सांगेपर्यंत याला दम लागला. काहीही झालं तरी पुसायचं नाही, हा नियम तूच केला होतास, एवढं ते बोलले, आणि त्यांनीही फोटो काढून टाकला. तेव्हा नऊ वाजून गेले होते. पण याच्या जिवात जीव येईना. ताई त्याच पुलावरून कामावर जायची, तिला गाठून सांगावं म्हणून तो कालव्याकडे निघाला.

पुलाच्या तोंडाशी दोर बांधलेला होता. बाजूच्या खांबांवर, भिंतीवर, दिव्यावर कागदच कागद. बेकरीवाल्या बाईंनी साडेसातलाच लेख वाचून फोटो आपल्याकडे उतरवून घेतला होता, मोठा करून छापला होता, आणि चार शेजारी गोळा करून पूल अडवला होता. अक्षर नीट वाचता यावं म्हणून त्यांनी अख्खा फोटो घेतला होता. प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला जांभळी डबी होती.

चष्मेवाल्याने पहिला कागद टराटरा फाडला. बेकरीवाल्या बाईंनी त्याचा हात धरला. त्या त्याला ओळखत नव्हत्या.

"फाडू नका हो. माझी मुलगी रोज या पुलावरून शाळेत जाते."

दुसऱ्या कागदापर्यंत गेलेला हात तिथेच राहिला. इतकी वर्षं लिहीत होता, आणि लोक रस्त्यावर आले ते आज. आनंदाने नाचावं असा दिवस, आणि त्याला नुसती आपली लाज वाटत होती. कागद राहिले तर ताईची नोकरी जाणार, फाडले तर दुपारपर्यंत पालिकेची माणसं दोर सोडून मोकळी होणार. तो एकदा खांबाकडे बघे, एकदा रस्त्याकडे.

तेवढ्यात ताई आली. तिने एक कागद वाचला, दुसरा वाचला, याच्या हातातले तुकडे बघितले. ती चिडली असती, रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"राहू दे ते," ती म्हणाली. "कचेरीचं मी बघते. विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण घरी मी अजून काहीच सांगितलेलं नाही. ते तू सांग. आत्ता जा. आणि लिहून नको, तोंडाने सांग."

आणि ती कालव्याच्या कडेकडेने लांबच्या रस्त्याने चालायला लागली.

भाऊजींनी दार उघडलं ते हसतच. अवेळी आलास, बस, चहा टाकतो, म्हणत ते ओट्याकडे वळले. आज पहिल्यांदाच मेहुण्याचा लेख पूर्ण वाचला म्हणाले. आजवर थट्टाच केली, पण आज अभिमान वाटला म्हणाले. चष्मेवाला बसला नाही, दाराशीच उभा राहिला. त्याचा पाय हलत नव्हता.

"एक सांगू का," भाऊजी पातेल्यात साखर घालत म्हणाले, "ज्याने तुला तो कागद दिला ना, त्याची छाती मोठी. नोकरी गेली तर त्याच्या घरच्यांनी काय करायचं? त्यांना विचारलं होतंस का तू?"

"नाही विचारलं," चष्मेवाला म्हणाला. "भाऊजी, ती आपली ताई आहे."

भाऊजींनी गॅस बंद केला.