खडकाळ कोपऱ्याचं पाणी

भर दुपारी पानांनी माना टाकलेल्या बघून सासऱ्यांनी बागेला दोन तास पाणी सोडलं आणि संध्याकाळी सुनेची बोलणी खाल्ली. तहानलेल्याला पाणी द्यावं, एवढा एकच नेम त्यांनी जन्मभर पाळला होता. शिवाय चाळीस वर्षं पिकवली ती खायची द्राक्षं. तिथे मणी फुगेल तेवढा चांगला. ही द्राक्षं वाइनची. मणी धरल्यापासून रंग चढेपर्यंत वेलीला पाण्याचा ताण द्यायचा, मग मणी लहान राहतो, साल जाडावते, रस दाट उतरतो. महिन्याभराने वाइनवाले मणी चाखायला येणार होते. पाणचट लागला, तर सुनेने हट्टाने लावलेली ही बाग उपटायची, असं घरात ठरलं होतं.

"बाबा, दुपारी सगळेच माना टाकतात, तुम्हीसुद्धा," सून म्हणाली. "बघायचं तर पहाटे बघा. रातोरात पान ताठ झालं, तर वेल धडधाकट."

सासरे रोज पहाटे जाऊ लागले. चार दिवस पानं ताठ होती. पाचव्या दिवशी खडकाळ कोपऱ्यातल्या तीन ओळी पहाटेही मलूल दिसल्या. ते सांगायला घरी आले तेव्हा सून डबे भरत होती. पाणी सोडायला त्यांनी नवं निमित्त काढलं, असं तिला वाटलं. आपल्या पाण्याच्या हिशेबाच्या वहीत अजून आठ दिवस पाणी नाही, असं तिने सांगून टाकलं.

"वही पहाटे उठत नाही," सासरे हळूच म्हणाले.

तिने गॅस बंद केला. कोपऱ्यात जाऊन माती उकरली, तर वीतभर खाली नुसता मुरूम. आजवर तिने पुढच्या काळ्या मातीवरूनच सगळ्या बागेचा हिशेब धरला होता. पानं गळली तर मणी उन्हात सुकणार. आणि व्हॉल्व्ह तर सगळ्या बागेला मिळून एकच.

सासऱ्यांनी पहिल्या ओळीची ठिबकची नळी सुरुवातीलाच दुमडून सुतळीने बांधली. तीन ओळी मोकळ्या सोडून बाकी सदतीस बांधायच्या होत्या. ऊन चढायच्या आत दोघांनी बांधल्या.

"किती वेळ सोडू?" सुनेने विचारलं.

"तासभर," ते म्हणाले, आणि त्यांना ते बोलणं जड गेलं.

महिन्याभराने आलेल्या वाइनवाल्याने कोपऱ्यातले आणि पुढच्या ओळींतले मणी चावले, बिया तळहातावर काढून निरखल्या. माल घेतो म्हणाला, फक्त कोपऱ्यातला माल चार दिवस आधी तोडा. सासऱ्यांनीही एक मणी तोंडात टाकला आणि बाजूला जाऊन थुंकला. हे कोण खाणार, असं ते पुटपुटले. मग दुपारी त्यांनीच दुकानदाराला फोन लावून कोपऱ्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह मागवला.